विज्ञानकथा : कल्पनेची शिस्त

नाशिक येथे २०२१मध्ये भरलेल्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष जयंत नारळीकर यांनी १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठविली. नावाच्या वलयाविना कथा जोखली गेली व पुरस्कारपात्र ठरली.

परीकथेतील जादूला कारण लागत नाही. विज्ञानकथेत मात्र एक गृहीत स्वीकारल्यावर पुढील घटना त्यातून तर्काने निष्पन्न व्हाव्या लागतात. कृष्णविवराजवळच्या तीव्र गुरुत्वाकर्षणात काळ संथ होतो. म्हणून तेथून परतलेल्या प्रवाशाला स्वतःची मुले आपल्यापेक्षा वृद्ध झालेली दिसू शकतात. नियमातून असे मानवी दुःख उभे राहते, तेव्हाच माहितीची कथा होते.

स्वयं-अध्ययन : एक गृहीत निवडून त्याचे एका कुटुंबावरील परिणाम पाच वाक्यांत लिहा.