एका संगणकावर तिघांचे घर

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. दौंडच्या मामांनी दिलेल्या जुन्या संगणकावर डेबियन लिनक्स होते. (सी-डॅकची 'बॉस' प्रणालीही डेबियनवरच उभी आहे.) बटण दाबले की थेट काम सुरू, ना नाव, ना पासवर्ड. सोय वाटली. मग धाकट्या भावाने खेळाला जागा करताना माझी अर्थशास्त्राची टिपणे पुसली.

दोष त्याचा नव्हे. लिनक्स मुळात अनेकांसाठी रचलेले. आम्हीच सगळ्यांना एका खात्यात कोंबले होते. सेटिंग्जमध्ये, वापरकर्त्यांच्या विभागात, प्रशासकाचा पासवर्ड देऊन मी आपोआप होणारा प्रवेश बंद केला. भावाला साधे खाते दिले. त्यातून माझ्या फायली पुसता येत नाहीत.

प्रवेशाच्या पडद्यावर नाव निवडले की कोपऱ्यात दातेरी चाक दिसते. तिथे ग्नोमऐवजी, आधी बसवून ठेवलेले हलके एक्सएफसीई निवडले. यंत्राची धाप कमी झाली. ही निवड पुढच्या वेळीही लक्षात राहते. मात्र 'लॉक' आणि 'लॉग आउट' यांत गल्लत नको: लॉक केले तर उघडी कामे आत चालूच राहतात, लॉग आउटने ती बंद होतात. शिरूरला आमच्याकडे वीज गेली, की जतन केले असेल तेवढेच उरते.

परवा आई विचारत होती, "माझं खातं कधी उघडतेस?"