बराकींतलं गाणं

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर निर्वासितांची सोय कल्याणजवळच्या लष्करी छावणीत झाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचं उल्हासनगर झालं. सरकारने बराकी दिल्या, रेशन दिलं. खचलेल्या मनांसाठी काहीच योजना नव्हती. माझ्या मते ते काम गाण्याने केलं. सिंधी ‘भगत’ या गाणं, नाच आणि कथा गुंफणाऱ्या लोकप्रकाराचे लाडके गायक कंवरराम यांची १९३९ मध्येच हत्या झाली होती, म्हणजे ही कलाही जखम घेऊनच आली. मग प्रा. राम पंजवानी हातातल्या घागरीवर ताल धरत सिंधी समाजात गात राहिले, सिंधींचं दैवत झुलेलाल याची उपासना त्यांनी नव्याने रुजवली. झुलेलालच्या पूजेतल्या बहराण्याच्या ताटात कणकेचा दिवा, खडीसाखर, वेलदोडे, फळं असतात आणि ढोल-शहनाईवर फेर धरून छेज हा समूहनाच करतात. इथे कुणी ‘तुझ्यावर काय गुदरलं ते सांग’ असं विचारत नाही. बोलण्याची सक्ती नाही, आणि एकटं पडण्याचीही वेळ येत नाही.

ही भक्ती झाली, उपचार कसला, असं कुणी म्हणेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला आणि कलांचा मानसिक आरोग्याला उपयोग होतो हे मान्य केलं. हे सगळे अभ्यास सारख्या दर्जाचे नाहीत, हे खरंच. पण मला याहून जड वाटतो तो दुसरा आक्षेप: समाज चारचौघांत म्हणता येईल तेवढंच गातो. फाळणीत बायकांनी जे सोसलं ते कुठल्या भजनात येणार? लेखिका उर्वशी बुटालियांनी पंजाबातल्या बायकांच्या मौनाला १९९८ मध्ये पुस्तकात वाट करून दिली, तोवर अर्धशतक उलटलं होतं. म्हणून गाण्याने समुपदेशकाची जागा घेऊ नये. आज उल्हासनगरशेजारच्या बदलापूर-अंबरनाथमध्ये अत्याचार सोसलेल्या मुलीला ‘पॉक्सो’ कायद्याखालची मदतनीस व्यक्ती आणि एकांतात ऐकणारं माणूस मिळालंच पाहिजे. मात्र साक्ष संपल्यावर ती त्याच गल्लीत परतते आणि तिथे तिची ओळख ‘ती केस’ एवढीच उरते. ढोलकीच्या वर्गात ती चुकीचा ठेका धरणारी, मग हळूहळू सुधारणारी मुलगी असेल. त्यासाठी एखाद-दुसऱ्या दिवसाची कार्यशाळा पुरणार नाही. वॉर्डातलं समाजमंदिर आठवड्यातून दोन संध्याकाळी, वर्षभर उघडं हवं आणि शिकवणाऱ्याला पगार हवा.