चाकांवरच्या घरांचे स्नेहसंमेलन

स्नेहसंमेलन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मंडळाचे सभागृह, पसरलेल्या सतरंज्या आणि ‘अहो, ओळखलंत का?’ असे विचारणारे पिकल्या केसांचे चेहरे उभे राहतात. इंग्लंडमध्येही काही पिकल्या केसांची माणसे अशीच अधूनमधून एकत्र जमतात. त्यांना जोडणारे सूत्र मात्र शाळेचे नाही, गावाचे नाही, की नात्याचेही नाही. जुन्या बसगाड्यांत संसार थाटून ही मंडळी एके काळी एका जत्रेहून दुसऱ्या जत्रेला जात असत. गोव्यातील वाचकांना हणजूणच्या किनाऱ्यावर आलेले ‘हिप्पी’ आठवत असतील. त्यांच्याच मुशीत घडलेली ही माणसे. जुनी छायाचित्रे हातोहात फिरतात, गेलेल्यांची नावे निघतात आणि बोलणे बहुधा एकाच तारखेशी येऊन थबकते : १ जून १९८५.

या कथेचा आरंभ १९७२ सालचा. त्या वर्षी विंडसरच्या राजउद्यानात तिकिटाविना संगीतमहोत्सव भरला. प्रवेशाला पैसे नाहीत, कुणी मालक नाही, असेल ते वाटून खावे, अशी त्यामागची कल्पना. १९७४ मध्ये पोलिसांनी तो उधळला. परंतु त्याच वर्षी स्टोनहेंजच्या प्राचीन शिळांजवळ, वर्षातील सर्वांत मोठ्या दिवसाच्या सुमारास, दुसरा मेळा सुरू झाला होता. त्याचा प्रवर्तक फिल रसेल, सर्वांचा ‘वॉली होप’, १९७५ मध्ये अकाली वारला. पुढल्या वर्षी त्याच्या अस्थी सोबत्यांनी त्या शिळांपाशी नेल्या. १९८४ पर्यंत मेळा दरवर्षी वाढत गेला आणि हजारो माणसे येऊ लागली. शहरांत काम नाही, परवडणारे घर नाही, अशा कित्येक तरुणांनी गाडीलाच घर केले.

या मेळ्यांत सारेच गोड होते असे नाही. मादक द्रव्यांचा सुळसुळाट होता आणि प्राचीन अवशेषांना इजा पोचते, ही तक्रारही निराधार नव्हती. अखेर १९८५ मध्ये न्यायालयाच्या मनाई हुकुमाने मेळा बंद झाला. तरीही १ जून रोजी सुमारे १४० गाड्यांचा तांडा स्टोनहेंजकडे निघाला. पोलिसांनी रस्ता अडवला, तेव्हा गाड्या शेजारच्या शेंगांच्या पिकात शिरल्या. म्हणूनच हा प्रसंग ‘बीनफील्डची लढाई’ या नावाने ओळखला जातो. पोलिसांनी काठ्यांनी काचा फोडल्या, माणसांना बाहेर ओढून काढले आणि ५३७ जणांना अटक केली. ज्या गाड्या फुटल्या त्यांत अंथरुणे होती, चुली होत्या, मुलांची खेळणी होती. दुसऱ्याला ते भंगार वाटले, तरी त्या माणसांचे तेच घर होते.

आदल्या रात्री ज्यांच्या जंगलात तांड्याचा मुक्काम होता, ते अर्ल ऑफ कार्डिगन हा प्रकार पाहत होते. घराण्याने उमराव आणि मताने हुजूरपक्षीय. तरीही न्यायालयात त्यांनी या भटक्यांच्या बाजूने साक्ष दिली. १९९१ मध्ये काही जणांना नुकसानभरपाई मिळाली, परंतु दाव्याच्या खर्चात ती गडप झाली.

पुढे १९८६ व १९९४ च्या कायद्यांनी रस्त्यावरचे जगणे अधिकच कठीण केले. भटक्यांसाठी जागा उपलब्ध करून देण्याचे स्थानिक संस्थांवरील बंधनही १९९४ मध्ये उठले. १९९५ मध्ये, बीनफील्डला दहा वर्षे झाली त्या दिवशी, स्टोनहेंजजवळ रस्त्याच्या कडेला उभे राहिलेल्यांपैकी काहींवर खटले झाले. सार्वजनिक रस्त्यावर शांततेने जमण्यास हरकत नाही, असा निर्णय उमराव सभेने १९९९ मध्ये दिला. २००० पासून त्या मोठ्या दिवसाच्या रात्री स्टोनहेंज सर्वांसाठी विनामूल्य उघडले जाते. पण पहाट झाली, सूर्य वर आला, की निघावे लागते. तंबू ठोकण्यास किंवा चूल मांडण्यास तेथे परवानगी नाही.

आपल्या मंडळांपाशी निदान इतिवृत्ताची वही असते, भिंतीवर संस्थापकांच्या तसबिरी असतात. परप्रांतात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या वहीचे मोल वेगळे सांगावयास नको. या मंडळींपाशी ना सभागृह, ना वही. जे होते त्यातले बरेचसे त्या शेतातच मोडून पडले. मग कुणी एक छायाचित्र पुढे करतो, दुसरा त्यातली बस ओळखतो, तिसऱ्याला त्या बसमध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव आठवते. त्यांचे इतिवृत्त असे तोंडीच लिहिले जाते, आणि त्यासाठी पुन्हा पुन्हा भेटावे लागते.