सांदवाडीत दोन खोल्या काढताय? आधी हिशेब मांडा!

मैत्रिणींनो, घरामागे थोडी मोकळी सांदवाडी असली, की आज ना उद्या घरात विषय निघतोच. "दोन खोल्या काढू या, किरायाने देऊ. महिन्याचे दूध-किराणा तरी सुटेल!" विचार चांगला आहे. पण खोली म्हणजे एकदा लावले आणि जन्मभर फळे खाल्ली असे आंब्याचे झाड नव्हे. तो दुसरा संसारच असतो, आणि सांभाळावा लागतो तो आपल्यालाच. मालक म्हणून नाव यजमानांचे असते, पण "काकू, नळाला पाणी नाही हो," ही हाक मात्र आपल्यालाच येते. तेव्हा विटांचा ट्रॅक्टर दारात येण्यापूर्वी वही-पेन्सिल घेऊन बसा.

राहायला कोण येणार?

आमचे नाकाडोंगरी तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या सीमेजवळ. शेजारी डोंगरी बुजुर्गची मँगनीजची खाण. इथले खनिज कोरड्या बॅटऱ्यांसाठी जाते. खाण मॉइल या सरकारी कंपनीची. अशी खाण जवळ असली की वाटते, भाडेकरूंना काय तोटा! पण कंपनीच्या वसाहतीत ज्यांना घर मिळाले, ते आपल्या दारी कशाला येतील? आपल्याकडे येणार ते कंत्राटी कामावरचे, बदलून आलेले गुरुजी, परिचारिका, बँकेतले कर्मचारी.

तुमच्या गावात खाण नसेल, तर साखर कारखाना असेल किंवा कॉलेज असेल. गोष्ट तीच. सारे गाव एकाच आधारावर उभे असले, की तो आधार डळमळताच सगळ्यांच्याच खोल्या एकदम रिकाम्या पडतात. म्हणून आपल्या आळीत आज किती खोल्यांना कुलूप आहे, ते आधी हिंडून पाहा. सहकुटुंब राहणाऱ्याला वेगळी मोरी आणि संडास हवाच. एकट्या माणसाला एक खोली पुरते, पण तो लवकर सोडूनही जातो.

बारा महिने धरू नका

समजा, दोन खोल्यांना चार लाख खर्च आला आणि दोन्ही मिळून महिन्याला 3,000 रुपये भाडे ठरले. वर्षाचे 36,000 झाले, असे आपण लगेच बोटांवर मोजतो. पण एक भाडेकरू गेला आणि दुसरा येईपर्यंत महिना-दोन महिने जातातच. म्हणून दहाच महिने धरा : 30,000. त्यातून घरपट्टी, रंग, नळाची तोटी, पावसाळ्यापूर्वी छताची डागडुजी असे 6,000 वजा करा. उरले 24,000. म्हणजे शेकडा 6. हेच पैसे बँकेत मुदतठेवीत ठेवले तर काय मिळेल, तेही शेजारी लिहा. खोलीचे भाडे पुढे वाढू शकते, ही तिची जमेची बाजू. पण अडीनडीला ठेव मोडता येते, सांदवाडीतली खोली मात्र वेगळी काढून विकता येत नाही.

आणि कर्ज काढून बांधणार असाल, तर चार लाखांवर शेकडा 9 दराने पहिल्याच वर्षी सुमारे 36,000 रुपये व्याज होते. भाड्यातून सुटतात 24,000! उरलेले कोठून आणायचे? घरखर्चातूनच ना? त्यापेक्षा साठलेल्या पैशांतून आधी एकच खोली काढा. अर्थात बांधण्यापूर्वी ग्रामपंचायतीची किंवा नगरपरिषदेची परवानगी हवीच.

वीज आणि कूलर

विदर्भातल्या उन्हाळ्यात कूलरशिवाय भागत नाही. भाडेकरूचा कूलर तुमच्या मीटरवर चालला, तर भुर्दंड दुहेरी बसतो. महावितरणच्या घरगुती दरात 100 युनिटांच्या पुढे दर बराच चढतो. दोन बिऱ्हाडांचे युनिट एकाच मीटरवर मोजले, की दोघेही वरच्या दरात जातात. म्हणून भाड्याच्या खोलीला वेगळे मीटर घ्या. कूलरमध्ये पाणी कोणाच्या नळाचे आणि किती, हेही आधीच बोलून घ्या. बहुतेक भांडणे भाड्यावरून होत नाहीत, पाण्यावरून होतात.

तोंडी नको, कागदावर हवे

"ओळखीतलेच आहेत, कागद कशाला?" असे पुष्कळ घरांत म्हणतात. पण ओळख टिकावी म्हणूनच कागद करायचा असतो. 11 महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हाही एक सार्वत्रिक समज. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 हा 31 मार्च 2000 पासून अमलात आला. त्याच्या कलम 55 प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ही जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. त्या खोट्या ठरवायच्या तर पुरावा आपण द्यायचा. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. हा कायदा अनुसूचीत दिलेल्या शहरांना आणि गावांना लागू आहे. आपले गाव त्यात येते का, ते दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात विचारा. येत नसले तरी कागद कराच. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, एवढे मात्र लक्षात ठेवा.

करारात मुदत, भाडे, अनामत रक्कम, वीज-पाणी, किती माणसे राहणार आणि सोडण्यापूर्वी किती दिवस सांगायचे, हे सारे यायला हवे. खोली देताना मीटरचा आकडा लिहून घ्या आणि भिंती, दारे, पंखे यांचे फोटो काढून ठेवा. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या. भाड्याची पावती दर महिन्याला न मागता द्या.

आणि भाडे थकले म्हणून नळ किंवा वीज तोडू नका! या कायद्याप्रमाणे तो गुन्हा आहे. दोन महिन्यांचे थकले, की रागावण्यापेक्षा लेखी नोटीस पाठवा.

नाव कोणाचे?

आता जरा नाजूक विषय. खोल्या झाडायच्या तुम्ही, पाणी सोडायचे तुम्ही, गाऱ्हाणी ऐकायची तुम्ही. मग कागदावरही तुमचे नाव का नको? ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये पतीबरोबर पत्नीचेही नाव लावता येते. तयार घर केवळ स्त्रीच्या नावे विकत घेतले, तर महाराष्ट्रात एप्रिल 2021 पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. मात्र यजमानांनी मोबदला न घेता घर तुमच्या नावे केले, तर त्याचे भाडे प्राप्तिकरासाठी त्यांच्याच उत्पन्नात धरतात. भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या भाड्यावर 30 टक्के वजावट मिळते, म्हणून घरपट्टीच्या पावत्या जपून ठेवा.

यजमानांशी हे बोलताना भांडणाचा सूर नको, हिशेबाची वही पुढे ठेवा. भाडे तुमच्या बँक खात्यात जमा होऊ द्या. त्यातले दर महिन्याला 500 रुपये दुरुस्तीसाठी वेगळे काढा आणि त्याला हात लावू नका. पुढच्या मृगात छत गळू लागले, तर गवंड्याच्या मजुरीसाठी तुम्हाला कोणापुढे हात पसरावा लागणार नाही.