खाचरातलं गणित, परसातलं विज्ञान

पुण्याचा चांदणी चौक ओलांडून पौडच्या रस्त्याला लागलं की भूगावपासूनच गृहप्रकल्पांच्या पाट्या सुरू होतात. पिरंगुटला कारखाने लागतात. पौडच्या पुढे, कोळवणच्या खोऱ्यात आणि ताम्हिणीच्या बाजूला, अजून भाताची खाचरं आहेत. याच मुळशी तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला हिंजवडी आणि माणची आयटी नगरी आहे. अशा तालुक्यातल्या शाळांमध्ये शेती शिकवावी का, असं कुणी विचारलं की उत्तरं लगेच आणि ठाम येतात. त्यातली बरीच उत्तरं गैरसमजावर उभी असतात, आणि हे गैरसमज विरोधकांचे आहेत तसेच समर्थकांचेही आहेत.

हा विषय आता नुसत्या चर्चेचा राहिलेला नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावीपासून व्यावसायिक कामाची ओळख आणि दहा दिवस दप्तराविना शिक्षण सांगितलं आहे. २०२३च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात कामाचे तीन प्रकार केले आहेत. त्यातला पहिलाच सजीवांसोबतच्या कामाचा, म्हणजे शेती, बागकाम आणि पशुपालनाचा आहे. शाळांमध्ये पोषणासाठी परसबागा कराव्यात अशा केंद्राच्या मार्गदर्शक सूचना २०१९ पासून आहेत. म्हणून समजुती एकदा तपासून घेतलेल्या बऱ्या.

‘शेतकऱ्याच्या पोरानं पुन्हा शेतीच करायची का?’

हा आक्षेप सगळ्यांत गंभीर आहे आणि तो आदरानेच ऐकला पाहिजे. ज्या घरानं चिखलात पिढ्या घालवल्या, त्या घराला शाळा म्हणजे चिखलातून बाहेर पडायची वाट वाटते. एकाच्या हाती पुस्तक आणि दुसऱ्याच्या हाती खुरपं, ही वाटणी आपल्याकडे जातीने केली होती. शाळेतल्या शेतीमुळे ती वाटणी परत येईल, ही भीती निराधार नाही.

पण शेती शिकवणं म्हणजे पुस्तक काढून घेणं, हा समज चुकीचा आहे. तो खोडून काढणारा सर्वांत जुना आणि भक्कम पुरावा पुण्यातलाच आहे. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगाला निवेदन दिलं. प्राथमिक शाळेत काय शिकवावं याची त्यांनी दिलेली यादी पाहण्यासारखी आहे. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, आणि त्यासोबतच शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य. खेड्यातल्या शाळेला जोडून एक छोटं नमुना शेत असावं आणि तिथं मुलांना प्रत्यक्ष शिकवावं, असंही त्यांनी त्यात सुचवलं होतं. सरकारी तिजोरी भरते रयतेच्या घामावर आणि शिक्षणाचा खर्च होतो वरच्या वर्गांवर, हे ज्यांनी राज्यकर्त्यांना सुनावलं, त्या फुल्यांनी शेती आणि अक्षर यांतलं एकच निवडायला सांगितलं नाही. दोन्ही मागितलं.

त्यानंतर शंभर वर्षांनी, १९८३ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्याच पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. कलबाग हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात काम केलेले शास्त्रज्ञ. शिरूर तालुक्यातलं पाबळ तेव्हा अवर्षणग्रस्त गाव होतं. तिथल्या कामातून माध्यमिक शाळांसाठी ‘इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी’ म्हणजे आयबीटी हा विषय उभा राहिला आणि राज्य मंडळाने त्याला मान्यता दिली. त्याचे भाग चार आहेत: शेती-पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण आणि गृह-आरोग्य. आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हातांनी काम करतात आणि परीक्षा मात्र इतर सर्वांसारखीच दहावीची देतात. मुलं शेतकरी व्हावीत म्हणून हा विषय आखलेला नाही. काम करता करता शिकलेलं पक्कं होतं, हे त्यामागचं गृहीत आहे.

‘हे परदेशी फॅड आहे’

या समजावर फार वेळ घालवायला नको. फुल्यांचं निवेदन वर आलंच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेत ‘कमवा आणि शिका’ योजनेखाली मुलं शेतात राबून शिकली. १९३७च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण, ही कल्पना मांडली. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत २००५ पासून ती पुन्हा चालू आहे आणि शाळेची बाग तिथल्या अभ्यासाचा भाग आहे. परदेशाकडेच पाहायचं तर जपानने अन्नशिक्षणाचा कायदा केला तोही २००५ मध्येच. तिथल्या अनेक प्राथमिक शाळांतली मुलं भात लावतात आणि कापतात. तांदूळ खाणाऱ्या मुळशीला हे दूरचं वाटायचं कारण नाही.

‘अभ्यासाचा वेळ फुकट जातो’

वेळ फुकट जाऊ शकतो. मुलांच्या हाती झारी देऊन शिक्षक दूर उभे राहिले तर तो जातोच. पण नीट आखलेलं काम पाठ्यपुस्तकातलाच धडा शिकवतं. त्याची उदाहरणं मुळशीच्या भातातच सापडतात.

जूनमध्ये पेरणीआधी बियाणं मिठाच्या पाण्यात बुडवून निवडतात. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण तीन टक्क्यांचं द्रावण. पोचट दाणे वर तरंगतात, भरलेले तळाशी बसतात. तरंगणारे काढून टाकायचे, उरलेले दोन-तीनदा साध्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवायचे. घनतेचा धडा यापेक्षा स्वस्तात कुठल्या प्रयोगशाळेत होईल? साध्या पाण्यात बुडणारे काही हलके दाणे मिठाच्या पाण्यात का तरंगतात, हे मुलांनाच विचारावं. मग १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत आणि मोड आलेले मोजावेत. शेकडेवारी हातात येते आणि या बियाण्यावर विसंबावं की नाही, हा निर्णयही घेता येतो.

जुलैच्या लावणीत गणित आणखी रंगतं. डॉ. एन. के. सावंत यांनी विकसित केलेल्या चारसूत्री पद्धतीत रोपांच्या चुडांमध्ये आळीपाळीने १५ आणि २५ सेंटिमीटर अंतर ठेवतात. दर चार चुडांच्या मध्यभागी युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी खोचतात. आता एक गुंठा घ्यावा, म्हणजे सुमारे १०० चौरस मीटर. चुडांमधलं सरासरी अंतर २० सेंटिमीटर, म्हणून एका चुडाच्या वाट्याला ०.०४ चौरस मीटर जागा येते. गुंठ्यात २,५०० चूड, ६२५ गोळ्या आणि खत जेमतेम १.७ किलो. सहावी-सातवीच्या मुलाला हा हिशेब सहज जमतो. दोरीवर खुणा करून प्रत्यक्ष लावणी केली की क्षेत्रफळ आणि सरासरी पुन्हा घोकावी लागत नाही. खत चिखलात खोल गेल्यामुळे वाहून का जात नाही, हा पुढचा प्रश्न विज्ञानाच्या तासाला घ्यावा.

पावसाचंही तसंच. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. २०२४च्या जुलै अखेरीस ताम्हिणीला २४ तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. एका गुंठ्यावर तो ५५ हजार लिटरहून जास्त होतो. तालुक्याच्या पश्चिमेला असा पाऊस आणि पूर्वेला हिंजवडीकडे त्याच्या कितीतरी कमी. सह्याद्रीची पर्जन्यछाया शिकवायला दोन शाळांनी आपापल्या पर्जन्यमापकाचे आकडे एकमेकींना कळवले तरी पुरे.

१९९० ते २०१० या काळातल्या शालेय बागांवरच्या अभ्यासांचा एक आढावा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सर्वाधिक अनुकूल परिणाम विज्ञानात दिसले, त्याखालोखाल गणित आणि भाषेत. मात्र त्यातल्या अनेक अभ्यासांची पद्धत पुरेशी काटेकोर नव्हती, हेही आढावा घेणाऱ्यांनीच नोंदवलं आहे. तेव्हा बाग केली की गुण वाढतात अशी हमी कुणी देऊ नये. बाग केल्यानं अभ्यास बुडतो, या समजाला मात्र आधार नाही.

‘खेड्यातल्या मुलांना शेती येतेच’

जमीन विकलेल्या किंवा आजी-आजोबांच्या भरवशावर सोडलेल्या घरातल्या मुलाला ती येत नाही. ज्याला येते त्यालाही कृती येते, कारण माहीत असतंच असं नाही. इंद्रायणी तांदूळ रोज खाणाऱ्या किती मुलांना ठाऊक असतं, की तो शेजारच्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झाला, आंबेमोहोर १५७ आणि आय.आर. ८ यांच्या संकरातून, आणि १९८७ मध्ये शेतकऱ्यांपर्यंत आला? अनुवंशिकतेचा धडा ताटातच वाढलेला असतो.

काही माहितीची तर जिवाशी गाठ आहे. कीटकनाशकाच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण विषारीपणा सांगतो: लाल सर्वांत घातक, मग पिवळा, निळा आणि हिरवा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. घरात हा डबा असलेल्या प्रत्येक मुलाला तो त्रिकोण वाचता आला पाहिजे. शाळेच्या बागेत मात्र अशी औषधं आणूच नयेत.

समर्थकांचा गैरसमज : ‘परसबागेतून पोषण आहार भागेल’

इथे उत्साहाला आकड्यांचा लगाम हवा. शालेय पोषण आहारात, म्हणजे आताच्या पीएम पोषण योजनेत, पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज ५० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला ७५ ग्रॅम भाजी धरलेली आहे. ४० मुलांच्या वस्तीशाळेला रोज २ किलो भाजी लागते, २०० दिवसांना ४०० किलो. एका गुंठ्यात पालेभाजीचं एक पीक चांगलं आलं तर साधारण १०० किलो निघतं. शाळेकडे बहुतेकदा गुंठाभरही जागा नसते आणि सगळी भाजी एकदम येते. बागेतून वर्षाची भाजी निघणार नाही. बाजारातून भाजी आणायचा पैसा कापायला बाग हे निमित्त होऊ नये.

मग बागेचा उपयोग काय? आपण लावलेली भाजी मुलं चाखून बघतात, हा बागांच्या अभ्यासांतला सर्वांत सातत्याने आलेला निष्कर्ष आहे. शेवग्याचा पाला, कढीपत्ता आणि लिंबू थोडं असलं तरी खिचडीचा कस वाढवतं.

जागा आणि पाणी

‘जागा नाही’ हे कारण मुळशीत अनेकदा खरं असतं, पण शेवटचं नसतं. खरी अडचण वेगळी आहे. जुलैत वाफे वाहून जातात आणि मे महिन्यात पाणीही नसतं, मुलंही नसतात. म्हणून कमी पावसाच्या मराठवाड्यातल्या शाळेचा आराखडा इथे उचलून आणू नये. पावसाळ्यात उंच गादीवाफे करावेत आणि कुंपणावर दोडका, घोसाळं, कारलं चढवावं. भात निघाल्यावर जमिनीतल्या ओलीवर वाल, पावटा, हरभरा येतो. हात आणि ताटं धुतलेलं पाणी अळूला आणि केळीला वळवावं. उन्हाळ्याच्या सुट्टीत बहुवार्षिक झाडं तेवढी जगवावीत, बाकी वाफे मोकळे राहिले तरी बिघडत नाही.

ही बालमजुरी आहे का?

बालमजुरीविरोधी कायद्याच्या २०१६च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलांना, काही अपवाद सोडता, कोणत्याही व्यवसायात कामाला ठेवायला मनाई आहे. शाळेतल्या वाफ्यावर शिकणं म्हणजे मजुरी नव्हे. पण ती सीमा ओलांडायला फार वेळ लागत नाही. खुरपणी ही शिक्षा असेल, पाणी भरणं फक्त मुलींकडे असेल, ठरावीक वस्तीतल्याच मुलांना शेणखत उचलायला लावलं जात असेल, किंवा पीक शाळेबाहेर कुणाच्या घरी जात असेल, तर पालकांनी ते तिथल्या तिथे थांबवावं. काम सगळ्यांनी आळीपाळीनं करायचं, प्रत्येकानं वहीत नोंद ठेवायची आणि पिकलेलं मुलांनीच खायचं. एवढ्या तीन अटी पाळल्या गेल्या की तक्रारीला जागा राहत नाही.

शिकवणार कोण, हाही प्रश्न विचारला जातो. त्यासाठी कृषी पदवीधर शिक्षकाची वाट पाहायला नको. आयबीटीच्या शाळांत गावातलेच जाणकार निदेशक म्हणून शिकवतात. माणजवळच्या बोडकेवाडीचे ज्ञानेश्वर बोडके यांनी अभिनव फार्मर्स क्लब उभा करून शेतमाल थेट शहरी घरांपर्यंत पोचवला. अशा शेतकऱ्याचा एक तास अर्थशास्त्राच्या धड्याइतका मोलाचा आहे. कुर्डू, टाकळा, भारंगी या रानभाज्या पावसाळ्यात अचूक ओळखणाऱ्या बाया प्रत्येक वाडीत आहेत. त्यांना शाळेत मानानं बोलवावं आणि वेळेचं मानधन द्यावं.

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. म्हणजे हा निर्णय पालकांच्या हातात आहे. शाळा जूनच्या मध्याला उघडते, राबातली, म्हणजे भाताच्या रोपवाटिकेतली, पेरणीही त्याच सुमारास होते आणि जुलैत लावणी सुरू होते. मुळशीतल्या पालकांनी उन्हाळ्यातल्या बैठकीतच हा विषय मांडावा, गावातल्या एखाद्या शेतकऱ्याकडून गुंठाभर खाचर एका हंगामापुरतं मागून घ्यावं आणि कोणत्या इयत्तेनं त्यात कोणता धडा शिकायचा, हे शिक्षकांसोबत बसून लिहून काढावं.