विश्लेषण : राहत्या घरातूनच ‘घरी जायचंय’ असे स्मृतिभ्रंशाचे रुग्ण का म्हणतात?

वाशी, नेरूळ किंवा खारघरमध्ये मुलांकडे राहणारे आजोबा संध्याकाळ झाली की चपला घालून दाराशी उभे राहतात. ‘बाबा, हेच आपलं घर’ असे कितीदा सांगितले तरी पटत नाही. स्मृतिभ्रंश अर्थात डिमेन्शियाचा रुग्ण असलेल्या अनेक घरांतला हा नेहमीचा प्रसंग. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोकांना हा विकार आहे.

नवे विसरते, जुने कसे आठवते?

डिमेन्शियाचे सर्वाधिक आढळणारे कारण अल्झायमर. त्यात नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग लवकर बाधित होतो. त्यामुळे सकाळचा नाश्ता आठवत नाही, पण गिरगावच्या चाळीतला जिना लख्ख आठवतो. सिडकोची स्थापनाच १९७० ची. मूळ आगरी-कोळी गावे सोडली, तर आज सत्तरी ओलांडलेल्या बहुतेकांचे बालपण या शहरात गेलेले नाही. साहजिकच इथला फ्लॅट आधी पुसला जातो आणि ‘घर’ म्हणजे जुने घर उरते.

मग समजूत कशी घालावी?

वाद घालून उपयोग नसतो. ‘घरी कोण कोण असायचं?’ असे विचारून बोलते करावे, चहा द्यावा, खाली एक फेरी मारून आणावी. भूक, लघवीची घाई किंवा दुखणे शब्दांत सांगता येत नाही, तेव्हाही हेच वाक्य येते. संध्याकाळी गोंधळ वाढतो, म्हणून दिवे लवकर लावावेत. ‘ओळखा बघू मी कोण?’ ही पाहुण्यांची आवडती परीक्षा तर बंदच करावी.

आठवणीचा भार घरावर टाकावा. चष्म्याची जागा ठरलेली, वार दाखवणारे मोठे घड्याळ, बाथरूमच्या दारावर चित्र. गोळ्या मात्र दुसऱ्यानेच द्याव्यात. घेतल्याचे विसरून त्या पुन्हा घेतल्या जातात.

नवी मुंबईत हरवण्याचा धोका वेगळा कसा?

सेक्टर १० वाशीत आहे, नेरूळमध्ये आहे आणि खारघरमध्येही. नुसता सेक्टर सांगणाऱ्या माणसाला घरी पोहोचवायचे कुठे? त्यात सिडकोच्या एकसारख्या इमारती. खिशातल्या कार्डावर नोडचे व सोसायटीचे नाव आणि दोन मोबाइल क्रमांक हवेतच. वॉचमन आणि नाक्यावरच्या रिक्षावाल्यांना कल्पना द्यावी. ‘अस्तु’ चित्रपटात मोहन आगाशेंनी साकारलेले शास्त्री हत्तीमागे निघून जातात. इथे हत्तीऐवजी हार्बरची लोकल असू शकते. म्हणून शोध घेताना स्टेशन आधी पाहावे. २४ तास थांबू नये, लगेच ११२ वर कळवावे.

डॉक्टरांकडे केव्हा?

विसरण्यामुळे रोजचे व्यवहार अडू लागले की लगेच. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड किंवा नैराश्यानेही विस्मरण होते आणि त्यावर उपचार आहेत. अल्झायमर बरा होत नाही. औषधांनी काही रुग्णांची लक्षणे काही काळ आटोक्यात राहतात. सांभाळणाऱ्यांना माहिती हवी असल्यास ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे.