डोळ्यांचा क्षयरोग : प्रतिकारशक्ती कमी असल्यास विशेष दक्षता घ्या

क्षयरोग हा केवळ फुप्फुसांचा आजार आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. प्रत्यक्षात क्षयाचे जंतू रक्तावाटे डोळ्यांपर्यंतही पोहोचू शकतात. हा आजार क्वचित आढळतो; मात्र निदानास विलंब झाल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते. खोकला वा ताप नसतानाही तो होऊ शकतो.

अधिक धोका कोणाला?
एचआयव्हीबाधित व्यक्ती, मधुमेही, डायलिसिसवरील व मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेले रुग्ण, कर्करोगावर उपचार घेणारे, तसेच दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे.

लक्षणे
• दृष्टी धूसर होणे
• डोळ्यांपुढे काळे ठिपके तरंगणे
• प्रकाश सहन न होणे
• वारंवार लाली वा वेदना

डोळ्याच्या मागील भागात सूज असल्यास डोळा बाहेरून स्वच्छ दिसतो व दुखतही नाही. म्हणून केवळ लालीची वाट पाहू नये.

हे टाळा
‘डोळे आले’ असे समजून औषध दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणू नयेत. लाली ओसरते, परंतु जंतू मरत नाहीत आणि आजार आतल्या आत वाढतो.

निदान व उपचार
नेत्रतज्ज्ञ बाहुली मोठी करून डोळ्याचा आतील भाग तपासतात. सोबत छातीचा एक्स-रे व मँटू चाचणी केली जाते. प्रतिकारशक्ती क्षीण असल्यास आजार असूनही मँटू चाचणी नकारात्मक येऊ शकते. त्यामुळे आपले सर्व आजार व चालू औषधे डॉक्टरांना अवश्य सांगावीत.

उपचार किमान सहा महिने, अनेकदा त्याहून अधिक काळ चालतात. बरे वाटले तरी गोळ्या थांबवू नयेत. इथॅम्ब्युटॉल घेताना लाल-हिरवा रंग फिका दिसू लागल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

घरातील व्यक्तींसाठी
डोळ्यांतील क्षय नजरेतून वा स्पर्शातून पसरत नाही. तथापि रुग्णाच्या फुप्फुसांत क्षय आढळल्यास कुटुंबातील सर्वांनी तपासणी करून घ्यावी.

कोठे जावे?
जे. पी. नगर परिसरातील नागरिकांनी जवळच्या शासकीय आरोग्य केंद्रात चौकशी करावी. डोळ्यांच्या तपासणीसाठी बेंगळुरूतील शासकीय मिंटो नेत्र रुग्णालय उपलब्ध आहे. शासकीय केंद्रांत क्षयाची तपासणी व औषधे मोफत मिळतात. निक्षय पोषण योजनेअंतर्गत उपचारकाळात दरमहा 1,000 रुपये साहाय्य दिले जाते. निःशुल्क मदतवाहिनी : 1800-11-6666.

वेळीच तपासणी, नियमित औषधे. दृष्टीचे रक्षण आपल्या हाती.